‘बारा इंची पॅकेज’ घेताय? आधी बॉक्स टेपने मोजा

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की म्हापसा-मडगावात गाड्यांना साउंड सिस्टीमचं ‘फुल्ल पॅकेज’ बसवून घ्यायची घाई सुरू होते. बारा इंची वूफर (खोल, खर्जातल्या आवाजाचा स्पीकर), ‘३००० वॅट’चा अँप्लिफायर, वायरिंग, तयार बॉक्स, सगळं मिळून १८ हजार, तेही ‘फक्त तुमच्यासाठी’. डिचोलीच्या एका हॅचबॅकमधलं असंच पॅकेज उघडल्यावर या धंद्यातल्या बहुतेक चलाख्या एकाच डिकीत सापडल्या.

सगळ्यात मोठी फसवणूक बॉक्सची, कारण तिकडे कुणी बघतच नाही. हा बॉक्स बाहेरून ४० × ३५ × ३० सेंटिमीटर. गुणाकार ४२ लिटर, आणि दुकानदाराने सांगितलेला आकडाही हाच. पण फळी १८ मिलिमीटरची. दोन्ही बाजू धरून प्रत्येक मापातून ३.६ सेंटिमीटर गेले की आत उरतात ३० लिटर. वूफरचं मॅग्नेट आणि पोर्टचा (बॉक्सला ठेवलेल्या हवेच्या तोंडाचा) पाइप यांची जागा वजा केली की २६-२७. एवढ्यात बारा इंची वूफर सीलबंद बॉक्समध्ये ठीक वाजला असता. इथे मात्र ‘जास्त बास’ म्हणून पोर्ट काढलेला, आणि पोर्टवाल्या बॉक्सला बारा इंचीसाठी साधारण ५० लिटर लागतात.

जागा कमी आणि पाइप जेमतेम १० सेंटिमीटर लांब, म्हणून बॉक्सचं ट्यूनिंग, म्हणजे पोर्ट ज्या सुराला सगळ्यात जास्त घुमतो तो सूर, चढलं ५५ हर्ट्झच्या वर. हवं होतं ३२ ते ३८. परिणाम असा की शिगम्याचा ढोल असो की बास गिटार, सगळं एकाच सुरात ढम ढम. ट्यूनिंगच्या खालच्या आवाजाला तर कोनमागे (वूफरच्या हलणाऱ्या पडद्यामागे) हवेचा आधारच राहत नाही. कोन मोकाट हलतो, त्याला जोडलेली तारेची कॉइल मागे आपटते आणि वूफर ‘आपोआप’ जातो. मग दुकानदार म्हणणार, तुम्ही व्हॉल्यूम जास्त ठेवला!

अँप्लिफायरचं पितळ उघडं पाडायला फ्यूज पुरेसा. कडेला फ्यूज ३० अँपिअरचा. गाडी चालू असताना व्होल्टेज १३.८ धरलं तरी आत जाणारी शक्ती ४१४ वॅट. क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा प्रकार) असला तर त्यातले ८० टक्के, म्हणजे ३३० वॅट बाहेर येतील. ३००० हा आकडा फक्त खोक्यावर छापायचा. विचारायचं ते ‘आरएमएस (सलग देता येणारी शक्ती) किती?’ एवढंच.

वायर बाहेरून अंगठ्याएवढी, आत बारीक. चाकूने खरवडली तर पांढरी निघाली, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ती तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा कमी करंट नेते, आणि इथल्या खाऱ्या दमट हवेत तिचे जोड लवकर खराब होतात. बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवाच. वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर आग लागायला वेळ लागत नाही.

बॉक्सच्या एमडीएफच्या (लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळीच्या) कडा उघड्या ठेवल्या होत्या. पावसाळ्यात त्या फुगतात, सांधे सुटतात. तपासायचं तर ४० हर्ट्झचा सूर लावून सांध्यांवर उदबत्ती फिरवा; धूर थरथरला की हवा गळतेय. आपल्याकडे कडा सील केलेला किंवा मरीन प्लायचा (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचा) बॉक्सच घ्यावा.

हॅचबॅकची डिकी सामानालाही लागत असेल तर दहा इंची वूफर १८-२० लिटरच्या सीलबंद बॉक्समध्ये भरपूर झाला. नेमके लिटर कंपनीच्या माहितीपत्रकात असतात. ते पत्रक न दाखवता ‘रेडी बॉक्स’ पुढे सरकवणाऱ्याकडे थांबू नये.

बिलावर लिहिलं होतं, ‘साउंड सिस्टीम, १ नग’. अशा बिलावर भांडायला काही उरत नाही. मॉडेल, आरएमएस आणि बॉक्सचे आतले लिटर जीएसटी बिलात लिहून घेतले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार करता येते.

या गाडीत शेवटी पाइप काढून भोकावर आतून १८ मिलिमीटर प्लाय गोंद-स्क्रूने बसवला, तांब्याची वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज टाकला. वूफर आणि अँप्लिफायर तेच ठेवले. ढम ढम गेली.