जुन्या सिंगरची ‘फुल सर्व्हिस’: सफाईला पैकीच्या पैकी, रंगकामाला साफ नकार

ठाणे पश्चिमेला स्टेशनकडून जांभळी नाक्याकडे जाताना शिलाई मशीन दुरुस्तीची दुकानं लागतात. त्यातल्या एका दुकानाच्या ‘फुल सर्व्हिस’चं हे परीक्षण. दुकानाचं नाव देत नाही, कारण खाली सांगितलेल्या उणिवा एकट्या त्या दुकानाच्या नाहीत. जुनी काळी मशीनं दुरुस्त करण्याची जी पद्धत बाजारात रूढ आहे, तिच्यातच त्या आहेत. थोडक्यात मत असं: सफाई आणि तेलपाणी अप्रतिम, जुळणी बरी, सुटे भाग बदलताना घाई, आणि रंगकाम अजिबात करून घेऊ नये.

मशीन होतं पायाने चालणारं सिंगर १५के. नंबर ‘वाय’ अक्षराने सुरू होणारा, म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. तो कारखाना १९८० साली बंद झाला. १९०० पासून सिंगरच्या नंबरापुढे अक्षर येतं, आणि त्यावरून कारखाना व साधारण काळ कळतो. बेडच्या उजव्या टोकाला ठोकलेला हा नंबर मशीन दुकानात सोपवण्याआधी लिहून घ्या, फोटोही काढा. १५ नंबरच्या धाटणीची मशीनं पुढे जपानात आणि आपल्याकडेही भरपूर बनली. ती शिवायला वाईट नाहीत, पण हेडांची, म्हणजे स्टँडवर बसणाऱ्या मुख्य मशीनची, अदलाबदल झाली तर नंबराशिवाय हातात काही पुरावा राहत नाही.

मशीन दिलं तेव्हा चाक दोन्ही हातांनी जेमतेम अर्धा फेरा फिरत होतं. अशा वेळी ‘गंज धरलाय’ असं लगेच म्हटलं जातं. बहुतेक वेळा तो गंज नसतो, वाळलेलं तेल असतं. घरोघरी मशीनला खोबरेल घातलं जातं. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि वर्षानुवर्षं हवेत राहिलं की पिवळट, लाखेसारखं कडक होतं. कारागिराने हे एका नजरेत ओळखलं आणि चाकावर जोर लावला नाही, याचं मनापासून कौतुक. जोर लावला की बिडाचा भाग वाकत नाही, थेट तुटतो. त्याने प्रत्येक तेलाच्या भोकात आणि जिथे लोखंडावर लोखंड फिरतं त्या प्रत्येक जागी रॉकेल सोडलं, हेअर ड्रायरने हेड कोमट केलं, चाक थोडं पुढे थोडं मागे हलवलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी चाक एका बोटाने फिरायला लागलं. रॉकेल जुन्या तेलाबरोबर उरलंसुरलं वंगणही धुऊन नेतं, म्हणून त्यानंतर शिलाई मशीनचं पांढरं तेल प्रत्येक जागी एकेक थेंब घालावंच लागतं. तेही झालं. गंज सोडवायचे स्प्रे याच्याऐवजी चालत नाहीत. ते अडकलेलं सोडवतात, वंगण म्हणून टिकत नाहीत.

सगळ्यात चांगलं काम झालं ते सुईच्या पट्टीखाली. पट्टी उघडली तेव्हा कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या खोबणीत धाग्याची रुई दाबून दाबून नमद्यासारखी घट्ट झाली होती. ब्रशने ती निघेना. दाभणाने कडेने उचकटली तेव्हा दात्याच्या आकाराचा साचा उमटलेली राखाडी वडी अखंड बाहेर आली. ही वडी असली की दाते पूर्ण वर येत नाहीत, कापड सरकत नाही, आणि ‘दाते झिजलेत, बदला’ असा सल्ला मिळतो. इथे दाते टोकदार होते, ते बदलले नाहीत. सुईचा धागा पकडून खालच्या धाग्याशी गुंफणाऱ्या शटलची कडीही उघडून मागे अडकलेले धाग्याचे तुकडे काढले. १५च्या मशीनचं शटल पूर्ण फिरत नाही, मागेपुढे झुलतं. त्याच्या वाटेत दोन सेंटिमीटर धागा अडकला तरी मशीन दगडासारखं जाम होतं.

आता चुकांकडे. मशीन परत आलं तेव्हा बॉबिन भरायला चाकाची मधली चकती सैल केली, तरी सुई वरखाली होतच राहिली. कारण साधं. चाकाच्या आत, चकतीच्या मागे, कान असलेली एक वॉशर असते. तिच्या आतल्या कडेचे दोन कान दांड्याच्या खाचेत बसतात. बाहेरच्या कडेलाही कान असतात, त्यांना चकतीचा छोटा स्क्रू अडतो. ही वॉशर दोन प्रकारे बसते, आणि त्यातली एकच बैठक बरोबर असते. चुकली की चकती सैल करूनही चाक सुटत नाही, किंवा कितीही आवळली तरी चाक नुसतं गरगरतं आणि सुई हलत नाही. उपाय पाच मिनिटांचा: छोटा स्क्रू काढा, चकती काढा, वॉशर १८० अंशात फिरवून परत बसवा. घरी करता येतो, पण फुल सर्व्हिसचे पैसे दिल्यावर करावा लागू नये. मशीन ताब्यात घेताना दुकानातच बॉबिन भरून पाहिली असती तर हे तिथेच दिसलं असतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. न विचारता बॉबिन केस, म्हणजे बॉबिन ज्यात बसते ती डबी, बदलली आणि जुनी परत दिली नाही. नवी केस चकचकीत होती. पण तिच्या स्प्रिंगच्या पत्त्याची कड नखाला लागत होती, म्हणजे धाग्यालाही लागणार. शिवाय बॉबिन केसचं वरचं बोट घड्याळातल्या एकच्या जागी आहे की अकराच्या, हे पाहावंच लागतं. बाजारात दोन्ही प्रकार मिळतात. चुकीचा प्रकार आत बसल्यासारखा वाटतो आणि शिवताना ठकठक करतो, सुई मोडतो. जुन्या केसचं टेन्शन, म्हणजे धाग्याचा ताण, बिघडलं असेल तर बहुतेक वेळा पत्त्याखाली रुईचा एक कण असतो. पत्त्याचा स्क्रू सैल करून पातळ कागदाची कड खालून ओढली की तो निघतो. मग केसमध्ये भरलेली बॉबिन घालून ती धाग्याने लटकवा. स्थिर राहिली पाहिजे, आणि हलका झटका दिला की इंचभर खाली आली पाहिजे. धडाधड घसरली तर स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी आवळा. ज्या स्टीलचा आणि घासकामाचा तो जुना भाग आहे, तसा नवा सहज मिळत नाही. म्हणून पावतीवर आधीच लिहून घ्या: ‘काढलेला प्रत्येक भाग पिशवीत परत’.

लुधियानाला बनणारे सुटे भाग सरसकट वाईट आहेत असं म्हणणं अन्यायाचं होईल. सुया, रिळाच्या दांड्या, बॉबिन भरणाऱ्या विंडरचं रबर, चामड्याचा पट्टा, टेन्शनची छोटी तार बिनधास्त नवी घ्या. शटल आणि बॉबिन केस मात्र जुनी तुटली असेल तरच, आणि तेव्हाही जुनी सोबत नेऊन, शटलचं टोक नायलॉनच्या मोज्यावरून फिरवून. मोज्याचा दोरा ओढला गेला तर ते शटल परत करा. स्क्रूंबाबत तर आग्रहच धरा. सिंगरच्या स्क्रूंचे आटे सिंगरचेच असतात, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू त्यात बसत नाही. तो जबरदस्तीने बसवला किंवा भोकाला नवा आटा पाडला, की मूळ स्क्रू पुन्हा कधीच बसणार नाही.

वरच्या टेन्शनची जुळणी चांगली झाली. वरचा धागा दाबून धरणाऱ्या दोन्ही चकत्यांच्या फुगीर बाजू समोरासमोर, मधली पिन जागेवर, कापड दाबणारा फूट उचलला की चकत्या सैल. ही पिन जोडताना हरवली तर फूट उचलूनही टेन्शन सुटत नाही आणि कापड बाहेर ओढताना धागा तुटतो. टेन्शनच्या छोट्या तारेची चालही बरोबर होती: सुईचं टोक कापडाला टेकतं त्या सुमाराला तार थांबते. खाली गुंता होत असेल तर बॉबिनला दोष देऊ नका. खालचा गुंता वरच्या धाग्याच्या सैलपणाचा असतो, आणि वर दिसणाऱ्या गाठी खालच्या.

टाके सुटतात म्हणून ‘टायमिंग गेलंय’, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ बिघडलाय, असं निदान मात्र चटकन मान्य करू नका. १५च्या मशीनमध्ये टायमिंग आपोआप सहसा हलत नाही. हललेली असते ती सुईदांडीची उंची, आणि ती बहुधा आधीच्या कुणीतरी हलवलेली असते. त्याही आधी सुई पाहा. ती १५x१ या प्रकारची हवी, पूर्ण वर टेकलेली हवी, आणि धागा लांब खाचेच्या बाजूने आत जायला हवा. सुई उलटी लावलेलं मशीन एकही टाका पकडत नाही. एवढं करूनही टाके सुटले तर उंची तपासायची: सुई सर्वात खालून साधारण २ मिलिमीटर वर आली की शटलचं टोक सुईपाशी, डोळ्याच्या दीडेक मिलिमीटर वर यायला हवं. या मशीनला त्याची गरज नव्हती आणि कारागिराने ती दांडी हलवली नाही. शाबास.

आता रंगकाम, जिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. फुल सर्व्हिसमध्ये ‘घासून, काळा मारून, नवीन स्टिकर’ असा भाग धरलेलाच असतो. तो स्पष्टपणे नाकारा. या मशीनांचा काळा थर म्हणजे भट्टीत भाजलेलं अस्फाल्टमचं, म्हणजे डांबरासारख्या पदार्थाचं, रोगण आहे. त्यावर सोनेरी नक्षी, आणि नक्षीवर पारदर्शक थर. हा वरचा थर स्पिरिटने विरघळतो, थिनरने तर नक्षीही निघते. थिनरच्या बोळ्याचा एकच फेरा पुरतो. या मशीनच्या खांबावर कारागिराने ‘जरा पुसून पाहिलं’, तिथे अंगठ्याएवढ्या जागेत सोनेरी पानं चंदेरी झाली आहेत. ती परत येणार नाहीत. योग्य पद्धत हळू आहे: कापसाच्या बोळ्यावर शिलाई मशीनचं तेल, छोट्या गोलाकारात, काळा मळ आला की बोळा बदलायचा, नक्षीवर दाब द्यायचा नाही, आणि सोनं कापसावर दिसलं की त्याक्षणी थांबायचं. घरातल्या साफसफाईचे अमोनियाचे द्रव मशीनजवळही नेऊ नका. झिजलेली नक्षी झिजलेलीच सुंदर दिसते. शिवणाऱ्याचा हात वर्षानुवर्षं जिथून गेला तिथेच ती झिजलेली असते, हे नव्या स्टिकरला कधी सांगता येणार नाही.

बफिंगचंही तसंच. फेस प्लेट, म्हणजे सुईच्या बाजूची झाकणाची पट्टी, आणि चाकाची कड यांच्यावरचा निकेल पातळ असतो. बफिंगच्या चाकावर धरला की आरशासारखा चमकतो, पण पातळ झालेल्या जागी ठाण्याच्या पहिल्या पावसाळ्यातच तांबूस ठिपके येतात. हाताने, मऊ कापडाने, धातूच्या पॉलिशने जेवढं उजळेल तेवढं पुरे.

मोटार बसवून देण्याचा आग्रह झाला. खांबावर मोटारीसाठी उंचवटा आणि भोक मुळात नसेल तर नको म्हणा. बिडाला भोक पाडून मोटार बसवण्यापेक्षा पाय चालवलेला बरा. पट्टा ३/१६ इंची चामड्याचा, तारेच्या कडीने जोडलेला, नीट होता, पण फार ताणून बसवलेला. त्याने पाय जड होतो आणि दांड्याच्या बेअरिंगवर ताण येतो. बोटाने दाबल्यावर अर्धा इंच आत जाईल इतका सैल हवा. नवा पट्टा वापराने ताणतो, तेव्हा सेंटिमीटरभर कापून पुन्हा जोडायचा.

एक इशारा, कारण या दुकानात असं एक मशीन दुरुस्तीला ठेवलेलं दिसलं. सिंगर १२ नंबरचं, होडीसारख्या शटलचं मशीन दुरुस्तीला देण्याआधी १२x१ सुया हाताशी आहेत का ते पाहा. त्या आता सहज मिळत नाहीत. २७, २८, १२७ आणि १२८ ही लांब बॉबिनची मशीनं मात्र १५x१ सुईच घेतात, त्यांची काळजी नाही.

मशीन ताब्यात घेताना मांजरपाटाचे दोन थर, १४ नंबरची सुई, वर लाल आणि खाली पांढरा धागा न्या. सहा इंच शिवा. वर पांढरा ठिपका दिसला तर वरचं टेन्शन जास्त, खाली लाल दिसला तर कमी. एका इंचात टाके मोजा, दहा-बारा आले पाहिजेत. मग १६ नंबरची सुई लावून जीन्सचे चार थर. मग चाकाची चकती सैल करून बॉबिन भरा, तेव्हा सुई स्थिर राहिली पाहिजे. शेवटी फूट उचलून कापड ओढा. यातलं काहीही चुकलं तर मशीन तिथेच ठेवा. बिलात मजुरी वेगळी आणि सुटे भाग वेगळे लिहून घ्या, कारण ‘फुल’ या एका शब्दात नको असलेला रंग आणि न मागितलेली बॉबिन केस दोन्ही आत येतात.

घरी आल्यावर प्लॅस्टिकचं आच्छादन काढून टाका. पावसाळ्यात त्याखाली दमटपणा कोंडतो आणि निकेल आधी उडतो. जुनी सुती चादर पुरे, आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा सुईदांडी, फूट, सुईची पट्टी आणि चाकाची कड तेलाच्या बोटाने पुसून ठेवा.