जुळे सोलापुरातला एमएमए क्लास: ट्विस्टरसाठी गेलो, टिकलो

मी लाल मातीतला. दहा वर्षं तालमीत गेली, आता यंत्रमागावर दिवसपाळी. एमएमए म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेला लढतीचा खेळ. या क्लासला गेलो तो फक्त ट्विस्टर हा कणा पिळणारा डाव शिकायला. २०११ साली सिॲटलमध्ये चान सुंग जंग या कोरियन लढवय्याने लिओनार्ड गार्सियाला यात अडकवलं. यूएफसी या एमएमएच्या मोठ्या अमेरिकन स्पर्धेत हा डाव तेव्हा पहिल्यांदा लागला. नंतरही मोजक्याच वेळा.

सरांनी आठ दिवस नुसता पायच अडकवायला लावला. जोडीदाराचा एक पाय आपल्या दोन्ही पायांत गुंतवायचा, पलीकडचा हात आपल्या मानेमागे घ्यायचा, मग डोकं धरून आपल्याकडे ओढायचं. कंबर एकीकडे, मान दुसरीकडे. ओली चादर पिळावी तसा कणा वळतो. म्हणून समोरच्याने हार मानून हाताने थोपटलं की त्याच क्षणी सोडायचं, आणि नवख्यांना हा डाव सर देतच नाहीत. हे मला फार पटलं. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपली, इथे पाठीवरूनही लढायचं. त्याची सवय अजून होतेय.

मॅट स्वच्छ. पंखे कमी, एप्रिलात घामाने पकड सुटते. फी माझ्या पगाराला जड आहे, तरी पुढच्या महिन्याचीही भरली.