गायकवृंद आणि वादकांसाठीचे दोन दिवसांचे शिबिर: एक परीक्षण

चर्चच्या गायकवृंदाला शिस्त लावण्यासाठी बाहेरचे प्रशिक्षक बोलवावेत की घरच्या घरी निभावून न्यावे, यावर आमच्या कमिटीत बराच खल झाला आणि अखेर शनिवार-रविवारचे शिबिर घेणाऱ्या एका जोडीला आमंत्रण गेले. गायन शिकवणाऱ्या बाई आणि वादकांकडे पाहणारे सर, असे हे दोघेच येतात. मानधन, प्रवासखर्च आणि छापील टिपणांचे पैसे ते आधीच सांगतात, त्यामुळे व्यवहारात कोठे संदिग्धता राहत नाही. माझे मत आरंभीच नोंदवतो: हे शिबिर घेण्याजोगे आहे, कारण गायकवृंद किती चांगला गातो यापेक्षा त्याच्यामुळे मंडळी (उपासनेला जमलेले सारे भाविक) किती गाते, या एकाच कसोटीवर ते प्रत्येक सवय तपासते.

शनिवारी सकाळचा पहिला तास एकही गीत न गाता केवळ वाद्ये जुळवण्यात गेला. काही जणांना तो वाया गेल्यासारखा वाटला. मला मात्र तोच सर्वांत मोलाचा वाटला. पेटीचे सूर जागच्या जागी बदलता येत नाहीत, त्यासाठी रीड, म्हणजे आतली सूर देणारी धातूची पात, खरवडावी लागते. म्हणून बाकीच्यांनी पेटीला जुळवून घ्यायचे, हा सरांचा पहिला नियम. आमची पेटी किंचित चढी निघाली. कीबोर्डवर पांढरी सहा (सहावी पांढरी पट्टी, पाश्चात्त्य A) 440 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 440 कंपनांना, बांधलेली असते. ती सरांनी ट्यूनिंगच्या सोयीतून 443 पर्यंत नेली आणि पेटीसोबत एकच सूर धरून ठेवून दोघांमधली थरथर थांबेपर्यंत ऐकवले. गिटार वाजवणारा मुलगा मोबाइलवरील ट्यूनरने तारा लावत असे आणि तो ट्यूनर 440 च धरून चालत असल्याने त्याची गिटार इतरांपासून नेहमी थोडी उतरलेली राही. ट्यूनरमधील आकडा बदलताच ही तक्रार मिटली. तबला शेवटी, गीताच्या षड्जाला, म्हणजे ‘सा’ला. एका तबल्याची चढण्या-उतरण्याची मर्यादा ठरलेली असल्यामुळे एका उपासनेतील गीतांच्या पट्ट्या (‘सा’ कोठे धरायचा त्या जागा) शक्यतो जवळजवळच्या निवडाव्यात, आणि हे सारे उपासनेच्या अर्धा तास आधी संपलेले असावे. पाळक वेदीजवळ येऊन उभे राहिल्यावर हातोडीची ठकठक ऐकू येणे हा उपासनेचा अनादर आहे, असे सरांनी स्पष्ट सांगितले आणि ते योग्यच होते.

दुपारी बाई सर्वांत मागच्या बाकावर जाऊन बसल्या. आमच्या मुख्य गायिका एक भजन नेहमी काळी पाचमध्ये उचलतात. त्यांना ती पट्टी सोयीची. पण बाकांवरचे पुरुष एकतर खर्जात पुटपुटतात किंवा अंतऱ्यात तार षड्ज (वरचा ‘सा’) जवळ येताच गप्प होतात. बाईंनी तेच भजन पांढरी दोनमध्ये घ्यायला लावले आणि सरावाला आलेल्या मंडळीतील वडीलधाऱ्यांचा आवाज पहिल्यांदाच समोरपर्यंत आला. त्यानंतर प्रत्येक कडव्याअंती कोणता शब्द कळला नाही तेवढेच त्या मागून सांगत होत्या, आणि शेजाऱ्याचे गाणे ऐकू येईपर्यंत कीबोर्डचा आवाज कमी करायला लावत होत्या. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी 1761 साली मंडळीच्या गायनासाठी छापलेले नियम टिपणात मराठीतून दिले आहेत. आपला आवाज मंडळीहून वेगळा उठून दिसेल असे ओरडू नये, पुढे धावू नये आणि मागे रेंगाळू नये, या आशयाचे ते नियम माइक आल्यानंतरच्या काळात अधिकच निकडीचे झाले आहेत. शेजारच्या कॅथलिक धर्मग्रामातून आलेल्या गायकांसाठी बाईंनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजाचाही आधार दिला: गायकवृंद जोपासावेत, पण गायिल्या जाणाऱ्या प्रत्येक उपासनेत साऱ्या भाविकांना आपला वाटा उचलता आला पाहिजे.

मराठी चर्चमध्ये दोन परंपरा शेजारी शेजारी नांदतात, हे ओळखून आखलेले शिबिर विरळाच. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात पाश्चात्त्य चालींवर बसवलेली गीते आहेत, तशीच नारायण वामन टिळकांची (1861–1919) अभंग-पदांच्या वळणाची भजनेही आहेत. पहिल्या प्रकारात वाद्यांनी निदान एक पूर्ण ओळ गीताच्याच लयीत वाजवून द्यावी, म्हणजे सर्वांना एकदम उठता येते, आणि ओळीच्या शेवटचा सूर ठरलेल्या मात्रांइतकाच लांबवावा. भजनात एकाने ओळ सांगायची आणि सर्वांनी ती उचलायची असते. तेथे गायकवृंदाने मंडळीच्या बाजूने उत्तर द्यावे आणि कीबोर्डवाल्याने मधल्या जागा आपल्या करामतींनी भरू नयेत. पाश्चात्त्य चालींना तबला वर्ज्य, हा सरांचा आग्रह मला अंमळ कडक वाटला, कारण तीन मात्रांच्या कित्येक चालींना हलका दादरा (सहा मात्रांचा ताल) शोभून दिसतो. भजनी ठेक्यावर ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) लादू नये, हे मात्र मी अगदी मनापासून मान्य करतो.

श्वासाविषयीचा पाठ थोडक्यात पण नेमका झाला. लांब ओळीत शेजारी-शेजारी उभ्या असलेल्यांनी एकाच जागी श्वास घेऊ नये आणि कोणीही शब्दाच्या मध्ये तोडू नये. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या प्रतीवर पेन्सिलने श्वासाच्या खुणा करायच्या. रविवारच्या उपासनेत याचा फरक लगेच जाणवला.

वर्तनाचे नियम सर्वपरिचित आहेत: सरावाला वेळेवर यावे, उपदेशाच्या वेळी पुढच्या गीताची पाने चाळू नयेत, मोबाइल बंद ठेवावा, सरावाला न आलेल्याने रविवारी माइक धरू नये. शेवटच्या नियमावर आमच्याकडे कुरबुर झाली, तरी बाईंनी तो सैल केला नाही.

काही उणिवा नोंदवणे आवश्यक आहे. चार आवाजांच्या गीतांची टिपणे केवळ पाश्चात्त्य स्वरलेखनात होती. सारेगम लिपी वाचणाऱ्या आमच्या निम्म्याहून अधिक गायकांना ती निरुपयोगी ठरली. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या तरुणासाठी वेगळे सत्रच नव्हते, आणि सारी शिस्त शेवटी त्याच्या हातातल्या बटणांवर अवलंबून असल्याने ही मोठीच त्रुटी आहे. मुलांच्या गायकवृंदाला रविवारी दुपारी, सगळे थकलेले असताना, जेमतेम अर्धा तास मिळाला.

ज्या चर्चमध्ये निदान आठ-दहा नियमित गायक आणि एक पेटीवादक आहे, त्यांना हे शिबिर नक्की उपयोगी पडेल. केवळ कीबोर्ड आणि दोन-तीन आवाजांवर चालणाऱ्या लहान मंडळींनी शेजारच्या चर्चसोबत मिळून ते घ्यावे. नाताळच्या गीतांचा सराव सुरू झाल्यावर नव्या सवयी रुजायला उसंत मिळत नाही, तेव्हा पावसाळ्यानंतरचा एखादा शनिवार-रविवार ठरवावा. नित्याच्या गीतांची यादी, त्यांच्या सध्याच्या पट्ट्या आणि पेटीच्या एका सुराचे ध्वनिमुद्रण प्रशिक्षकांना आधीच पाठवावे, आणि सारेगममधील टिपणांची मागणीही त्याच पत्रात करावी.