मोठ्या मायचा आवाज, फोटो आणि पुस्तिका : परभणीतील एका दुकानाचा अनुभव

परभणीत रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर जुन्या कॅसेट, व्हिडिओ टेप आणि फोटो डिजिटल करून देणारे एक छोटे दुकान आहे. तेथेच लग्नपत्रिका, स्मरणिका आणि श्रद्धांजलीचे फलकही तयार होतात. आमच्या मोठ्या मायचे, म्हणजे वडिलांच्या आईचे, वर्षश्राद्ध जवळ आले तेव्हा तिच्या आवाजाच्या कॅसेट, तिचे फोटो आणि नातेवाइकांना वाटायची पुस्तिका अशी तिन्ही कामे आम्ही याच दुकानाला दिली. कौतुकाबरोबर तक्रारही करायची असल्याने दुकानाचे नाव येथे घेत नाही. आवाजाचे काम उत्तम झाले, फोटोंचे बरे झाले; पुस्तिकेचा मजकूर मात्र कोणाच्याही आजीला चालला असता, आणि नेमका त्यामुळेच आमच्या आजीला चालला नाही.

कॅसेट माझ्या काकांनी १९९३-९४ च्या हिवाळ्यात घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या होत्या. त्यांत जात्यावरच्या ओव्या आहेत, मधूनमधून मोठ्या मायच्या गप्पा आहेत आणि एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर कोणीतरी निम्म्यापर्यंत कीर्तन भरून ठेवले आहे. एवढी वर्षे त्या कपाटात पडून होत्या. दोन कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी आली होती आणि एकीत फीत हेडवर, म्हणजे यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारी नमद्याची बारीक गादीच गळून गेली होती. दुकानाच्या मालकांनी ती कॅसेट यंत्रात घालून पाहण्याची घाई केली नाही. पाच स्क्रू काढून कवच उघडले, दोन्ही चकत्या फितीसकट उचलून एका चांगल्या कवचात बसवल्या आणि हे सारे आमच्यासमोर, टेबलावर पांढरा कागद अंथरून केले. बुरशी आलेली फीत तशीच चालवली तर ती यंत्राच्या हेडला लागते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटवर जाते, असे त्यांनी सांगितले. हा विचार करणारा कारागीर आता विरळा.

कॅसेटची फीत सेकंदाला साधारण पावणेपाच सेंटीमीटर धावते आणि तिला घाई करता येत नाही, त्यामुळे सी-६०, म्हणजे साठ मिनिटांची, कॅसेट उतरवायला पूर्ण एक तास लागतो. प्रत्येक कॅसेट सुरू करताना मालक हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू किंचित फिरवत आणि कान देऊन ऐकत. ज्या यंत्रावर आवाज भरला त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या यंत्राचा कोन जुळला नाही तर आवाज दबका येतो. तो जुळला त्या क्षणी मोठ्या मायच्या बोलण्यातले ‘स’ आणि ‘च’ एकदम मोकळे झाले, हे मी स्वतः ऐकले. नंतर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “ताई, जात्याची घरघर काढायची का ठेवायची?” संगणकावर आवाज स्वच्छ करण्याची सोय त्यांच्याकडे आहे आणि तिचे पैसेही ते वेगळे घेतात, तरी आधी एका ओवीचा नमुना दोन्ही प्रकारे ऐकवला. घरघर काढलेल्या नमुन्यात मोठी माय पत्र्याच्या डब्यातून गात असल्यासारखी वाटत होती. जाते थांबले की ओवीचा ठेकाही जातो, कारण ती ओवी मुळात खुंट्याच्या फेऱ्यावरच बेतलेली असते. आम्ही घरघर ठेवली. हातात दोन प्रती आल्या: एक मूळ, काहीही न काढलेली, वेव्ह स्वरूपातली, तासाला सुमारे ६०० एमबी भरणारी, दुसरी व्हॉट्सॲपवर पाठवता येईल अशी एमपी-३.

पुढे जे ऐकू आले त्यामुळे या कामाचे मोल मला जास्त वाटते. मोठ्या मायचे माहेर हदगाव तालुक्यातले, पैनगंगेच्या काठचे. नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे उमरखेड, म्हणजे वऱ्हाड. १९४८ च्या पावसाळ्यात, रझाकारांच्या भीतीने गावची माणसे रात्रीतून नदी ओलांडत होती, तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. कॅसेटवर ती सांगते, “पाणी गळ्याला लागलं व्हतं, पर डोक्यावरलं गाठुडं म्या भिजू देलं नाही.” गाठोड्यात काय होते, असे काका विचारतात, तर ती हसून म्हणते, “देव व्हते अन् मिरच्या व्हत्या.” आणि त्याच दमात ओवी सुरू करते:

“पैनगंगा भरली गं, दोन्ही थडी लागलं पाणी
बाप माझा बोले, पाय रोव गं शहाणी”

ही ओवी तिनेच जुळवलेली असावी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रभरातल्या हजारांहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमा झाल्या, पण ज्या घरांत कोणी विचारायला गेले नाही तेथल्या ओव्या अशाच कॅसेटांत आणि फडताळांत राहिल्या आहेत. मालकांनी घाई करून एखादी फीत तोडली असती तर आमच्या घरातली ही एवढी पुंजीसुद्धा गेली असती.

फोटोंच्या बाबतीत हात थोडा सैल आहे. हे काम मालकांऐवजी दुकानातला एक तरुण करतो. छोट्या फोटोंचे स्कॅनिंग त्याने ६०० डीपीआयवर नीट केले, चिरा आणि वाळवीने खाल्लेले कोपरेही समजुतीने भरले. परंतु लग्नानंतर काढलेल्या कृष्णधवल फोटोवर त्याने विचारल्याशिवाय चेहरा उजळून रंग भरण्याचे सॉफ्टवेअर चालवले, आणि त्या सॉफ्टवेअरने मोठ्या मायच्या हनुवटीवरचे गोंदण डाग समजून पुसून टाकले. गाल गुळगुळीत, हनुवटी कोरी आणि लुगडे जांभळे! घरातल्या कोणालाही ती बाई ओळखू आली नाही. सांगितल्यावर त्याने कुरकुर न करता मूळ स्कॅनवरून फोटो पुन्हा करून दिला, हे त्याच्या बाजूने नोंदवते. मात्र रंग भरून देण्याचा आग्रह धरल्यास सरळ नकार द्यावा आणि मूळ स्कॅनची फाईल मागून घ्यावी.

आता पुस्तिका. दुकानात श्रद्धांजलीचा तयार मजकूर असतो आणि आपण फक्त नाव, गाव व तारखा द्यायच्या असतात. आमच्या हाती आलेल्या पहिल्या प्रतीत मोठी माय ‘मायेचा सागर’ होती, ‘वात्सल्यमूर्ती’ होती आणि तिच्या जाण्याने ‘न भरून येणारी पोकळी’ निर्माण झाली होती. आम्ही दिलेल्या टिपणांपैकी जे वापरले तेही याच साच्यात ओतलेले होते. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती आणि हजेरीत बायकांचे दिवस कमी मांडले म्हणून दहाबारा जणींना घेऊन थेट साहेबाच्या जीपसमोर बसली होती. त्याचे ‘कष्टाळू स्वभाव’ झाले. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गल्लीतल्या घराघरांतून भाकऱ्या गोळा करून ती टेम्पोतून तिकडे गेली आणि घरी कोणाला न सांगता चार दिवस राहिली. त्याचे ‘समाजकार्याची आवड’ झाले. साठी उलटल्यावर, २०१३ च्या महापुराच्या बऱ्याच आधी, तिने गौरीकुंडापासून केदारनाथपर्यंतची १४ किलोमीटरची चढण घोडा नाकारून नऊवारीत पार केली होती. पुस्तिकेत एवढेच होते: ‘तीर्थयात्रा केल्या’.

तिची भक्ती घरात बसून करायची नव्हती, हे त्या साच्यात बसणारच नव्हते. सासर गंगाखेडजवळचे, जनाबाईच्या गावाचे. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणीत आली की ती पिशवी उचलून निघायची आणि गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत पंढरपूर गाठूनच परतायची. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला, त्यानंतर तर तिने आधार कार्ड कनवटीलाच लावले आणि पंच्याऐंशी उलटलेल्या वयात एकटीने माहूर गाठून रेणुकेचा विडा आणला. वडील रागावले, तर म्हणाली, “सरकारनं पास काय घरी बसायला देला का?”

याहून मोठी चूक तारखेची होती. मजकुरात तिने ‘१५ ऑगस्ट १९४७ चा स्वातंत्र्यसूर्य पाहिला’ असे छापले होते. मराठवाड्यात तो १७ सप्टेंबर १९४८ ला उगवला, हे परभणीत बसून मजकूर लिहिणाऱ्याला कोणी सांगावे लागू नये, आणि ज्या पोरीने त्यासाठी रात्री नदी ओलांडली तिच्या पुस्तिकेत तर मुळीच नाही. शेवटी चुलत बहिणीने आणि मी सारा मजकूर पुन्हा लिहून दिला. जुळणी करताना जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेली जोडाक्षरे फुटली होती, म्हणून मुद्रितशोधन दोनदा करावे लागले.

छपाई मात्र नेटकी झाली. चकचकीत आर्ट पेपरऐवजी १०० जीएसएमचा मॅपलिथो, म्हणजे बिनचमकीचा कागद, घ्या, म्हाताऱ्या माणसांना वाचताना उजेड चमकत नाही, हा सल्ला मालकांचाच होता आणि तो योग्य ठरला. मधोमध पिना मारलेल्या, म्हणजे मध्यपिन बांधणीत पाने चारच्या पटीत लागतात, तेव्हा मजकूर सोळा पानांत बसवावा लागला. मुखपृष्ठाच्या आत ओव्यांचा क्यूआर कोड आहे, तो मोबाइलवर लगेच चालतो.

कॅसेटमागे तीनशे रुपये दर मला रास्त वाटला. फोटो आणि पुस्तिकेचे दर आधी लिहून घ्यावेत, कारण तोंडी सांगितलेल्या आणि बिलातल्या रकमेत फरक पडला होता. पुस्तिका ठरल्यापेक्षा आठवडाभर उशिरा मिळाली. तिथीच्या आदल्या संध्याकाळी गठ्ठे घरी आले. तेव्हा श्राद्ध किंवा पुण्यतिथी ठरलेली असेल तर महिना-दीड महिना हाताशी ठेवून जावे, कॅसेट बिनधास्त द्याव्यात आणि पुस्तिकेचा मजकूर घरूनच लिहून न्यावा. आत्याकडे सापडलेल्या आणखी दोन कॅसेट आम्ही याच दुकानात दिल्या आहेत.