हॅवलॉक की नील? अंदमानात निवांत राहायचं तर

अंदमानला जाऊन खरंच आराम करायचा असेल, तर माझं मत नीलला, म्हणजे शहीद द्वीपला. हॅवलॉकचं (आता स्वराज द्वीप) राधानगर अप्रतिम आहे, त्यात वादच नाही. पांढरी मऊ वाळू, मागे उंच झाडांची दाट रांग आणि समोर सूर्यास्त. स्कूबा करायचं असेल तरीही हॅवलॉकच गाठा. एलिफंट बीचला बोटीने किंवा जंगलातून चालत जाता येतं. पण एवढं सगळं करायचं म्हटलं की दिवस घड्याळावर चालतो.

नील इतकं छोटं, की भाड्याच्या सायकलवर आरामात फिरून होतं. पहाटे सीतापूरला सूर्योदय, दुपारी भरतपूरच्या उथळ पाण्यात डुंबणं, संध्याकाळी लक्ष्मणपूर. तिथला खडकाचा नैसर्गिक पूल मात्र ओहोटीलाच गाठा. पाणी ओसरलं की खडकांतल्या डबक्यांत प्रवाळ आणि समुद्रकाकड्या दिसतात. मुलं तिथून हलतच नाहीत. पाय जपून टाका, प्रवाळावर तर मुळीच नको.

आणि हो, डिसेंबरात तिकडे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. जेवून लांबलचक झोप काढलीत, तर दोन्हीकडचा सूर्यास्त हुकेल. चार रात्री असतील तर हॅवलॉकला एक, नीलला तीन.