कॉमन रेल पिकअप: एक कांदा हंगाम चालवल्यानंतर

गाडी घेऊन अख्खा कांदा हंगाम झाला, आता अनुभव लिहायला हरकत नाही. मोहोळ, मंगळवेढा, बार्शी या पट्ट्यातून माल भरायचा, सोलापूर मार्केट यार्डात खाली करायचा, जाताना एमआयडीसीतून टॉवेल-चादरीचे गठ्ठे मिळाले तर तेही. आधीची पिकअप जुन्या मेकॅनिकल पंपाची, ही बीएस सिक्स (प्रदूषणाच्या नियमातली) कॉमन रेल. मायलेज आणि हप्त्याबद्दल सगळेच सांगतात, मी डिझेल सिस्टीमबद्दल सांगतो कारण या गाडीचा जीव तिथंच आहे.

जुन्या गाडीत सगळं पंपच करायचा, प्रेशर पण तोच बनवणार आणि कुठल्या सिलेंडरला कधी किती डिझेल ते पण तोच, म्हणून इंजिन हळू फिरलं की प्रेशरही पडायचं. हिच्यात कामं वाटून दिलीत. हाय प्रेशर पंप डिझेल दाबून रेलमध्ये, म्हणजे इंजिनवरच्या त्या जाड नळीत, भरून ठेवतो, रेलचा सेन्सर प्रेशर किती ते ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगत राहतो, आणि सिलेंडरात डिझेल फवारणारा इंजेक्टर कधी उघडायचा, किती वेळ, हे ईसीयू ठरवतो. आयडलला साधारण 250-300 बार, फुल लोडला 1600 च्या आसपास किंवा वर. पिकअपच्या मागच्या टायरात 4-5 बार हवा असते, यावरून बघा.

चालवताना फरक लगेच कळतो. गच्च भरलेली गाडी यार्डाच्या गेटवर लायनीत सरकवताना कमी आरपीएमला पण दम सोडत नाही. आणि सकाळचा तो खडखडाट जवळपास गेलाच, कारण मेन इंजेक्शनच्या आधी अगदी थेंबभर डिझेल मारलं जातं, ते आधी पेटतं, मग बाकीचं डिझेल एकदम भडकत नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, दिवसभर केबिनमध्ये बसणाऱ्याला विचारा.

आता जपायचं काय, तर पाणी आणि भेसळ. इंजेक्टरच्या टोकाची, म्हणजे नोझलची, भोकं 0.1 ते 0.15 मिमीची, आणि बहुतेक गाड्यांत हाय प्रेशर पंपाला डिझेलचंच वंगण असतं. पाणी किंवा रॉकेल आलं की वंगण गेलं, पंप आतून झिजतो आणि तो बारीक कीस थेट रेलमधून सगळ्या इंजेक्टरना जातो, मग खर्च विचारू नका.

पावसाळ्यात मंगळवेढा रोडला फिल्टरमध्ये पाणी आल्याचा दिवा लागला. तिथंच बाजूला घेतली, इंजिन बंद, फिल्टरखाली रिकामी बाटली धरून ड्रेन स्क्रू ढिला केला. बाटलीत खाली पाणी, वर पिवळसर डिझेल, मधली रेघ अगदी स्पष्ट! नुसतं डिझेल यायला लागेपर्यंत काढलं, स्क्रू आवळला, हँड प्रायमर (फिल्टरात डिझेल भरायचा हातपंप) कडक होईस्तोवर दाबला, चालू केली, दिवा गेला. तो दिवा लागलेला असताना कुणीही गाडी रेटू नका, "पुढं गॅरेज आहे" म्हणून तर अजिबात नाही.

अजून एक, हे जिवाचं आहे म्हणून कळकळीनं सांगतो. जुन्या पंपाचे मिस्त्री चालू इंजिनवर एकेक पाइपचा नट ढिला करून कुठला सिलेंडर मिस मारतोय ते बघायचे. कॉमन रेलवर हे करू देऊ नका, एवढ्या प्रेशरची धार कातडी भेदून आत शिरते, बाहेरून बारीक ठिपकाच दिसतो पण हात जाऊ शकतो, लगेच हॉस्पिटल गाठायचं. इंजेक्टर स्कॅनरवर तपासायचे, नाहीतर रिटर्न टेस्ट: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न नळीला (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) एकेक बाटली लावायची, ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरते तो आतून लीक.

न आवडलेलं म्हणजे रस्त्यावर दुरुस्ती जवळपास नाहीच, टेंभुर्णीच्या पुढं रात्री बंद पडली तर टोइंगच. इंजेक्टर बदलला की बऱ्याच गाड्यांत त्यावरचा कोड ईसीयूत भरावा लागतो, ते स्कॅनर नसलेल्या गॅरेजचं काम नाही. त्यामुळं कुणी सेकंड हँड बघत असाल तर रंग-टायर नंतर बघा, आधी मालकासमोर रिटर्न टेस्ट करून घ्या, त्याला तो नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा.