मेडिकल कोडिंगचा क्लास, नौपाडा ठाणे: शिकवणं एक नंबर, प्लेसमेंटच्या भरवशावर जाऊ नका

५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते पुढे लिहिलंय.

मी बीएससी झूलॉजी, कळव्याला राहते. डिग्रीनंतर दीड वर्ष एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करत होते, पगार सांगण्यासारखा नव्हता. कोडिंग म्हटलं की घरी सगळ्यांना प्रोग्रामिंग वाटतं, पण हे वेगळं. अमेरिकेत पेशंट डॉक्टरकडे गेला की डॉक्टर नोट लिहितो, त्यातला प्रत्येक आजार आणि प्रत्येक प्रोसिजर ठरलेल्या कोडमध्ये बसवायची, मग क्लेम इन्शुरन्सकडे जातो आणि मग डॉक्टरला पैसे मिळतात. हे कोड बसवायचं बरंच काम आता आपल्याकडे होतं, मी स्वतः ऐरोलीला बसून करते.

मॅडमनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही, हे काम इथे आलं कसं तेच सांगत बसल्या. १९९१ ला सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची स्कीम आली, सॅटेलाइट लिंक मिळाल्या, म्हणजे माणूस तिकडे पाठवायच्या ऐवजी काम इकडे आणता यायला लागलं, मग वाय टू केची (कॉम्प्युटरमध्ये २००० सालाची तारीख चुकू नये म्हणून दुरुस्तीची) कामं, मग २००२ ला परदेशी कॉलवरची व्हीएसएनएल या टेलिफोन कंपनीची मक्तेदारी संपली आणि फोन स्वस्त झाले तशी कॉल सेंटरं वाढत गेली. आज देशात आयटी-बीपीओ मिळून ५० लाखांच्या वर लोक आहेत. मला हे ऐकताना आमच्या ताईची आठवण येत होती. ती २००३ ला महाप्याला मेडिकल ट्रान्सक्रिप्शन (डॉक्टरचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणं) करायची, ठाणे-वाशी लोकल तेव्हा सुरूच झाली नव्हती, विटाव्यावरून बसने जायची. कानात हेडफोन, पायाखाली पेडल, पेडल दाबलं की तिकडच्या डॉक्टरचा आवाज सुरू, सोडलं की थांबला. औषधांची नावं चुकू नयेत म्हणून तिने एक वही केलेली, ए टू झेड, पेन्सिलने. पुढे सॉफ्टवेअरच आवाज ऐकून टाइप करायला लागलं आणि तिचं काम आटलं, पण ती वही आज माझ्याकडे आहे आणि रोज लागते.

शिकवणं खरंच मनापासून आहे. एक उदाहरण देते. चार्टमध्ये टाइप २ डायबेटिस आणि किडनीचा क्रॉनिक आजार, स्टेज ३, असं दोन वेगळ्या ओळींत लिहिलेलं. आम्ही चौदाच्या चौदा जणांनी (त्यात दोन बीएचएमएस डॉक्टर) ई११.९ आणि एन१८.३० असे दोन कोड टाकले. मॅडम काही बोलल्या नाहीत, गाइडलाइनचं पान काढून मोठ्याने वाचायला लावलं. डॉक्टरने स्पष्ट नाही म्हटलं नसेल तर हे दोन आजार जोडलेलेच धरायचे, म्हणजे ई११.२२ (डायबेटिसमुळे किडनीचा आजार) आणि सोबत एन१८.३० (त्याची स्टेज ३). ई११.९ चा अर्थ डायबेटिस आहे पण कॉम्प्लिकेशन नाही, ते इथे सरळ चूक. नोकरीत पहिल्याच आठवड्यात अगदी असाच चार्ट आला आणि हात आपोआप बरोबर पानावर गेला.

अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ ला आयसीडी-१० (आजारांच्या कोडची नवी यादी) चालू केलं तेव्हा साधारण १४ हजार डायग्नोसिस कोडचे जवळपास ७० हजार झाले, त्यामुळे पाठांतराचा काही उपयोग नाही, शोधता यायला पाहिजे. सीपीसी (कोडरच्या सर्टिफिकेटची) परीक्षा पण पुस्तकं घेऊनच द्यायची असते, ४ तासात १०० प्रश्न, ७० टक्के लागतात. पुस्तकात टॅब कुठे लावायचे इथपर्यंत त्या बसून दाखवतात.

आता कापलेला स्टार. दारावर मोठा बोर्ड आहे, १०० टक्के प्लेसमेंट. मला तीन इंटरव्ह्यू लावून दिले, तिन्ही एआर कॉलिंगचे, म्हणजे अडकलेल्या क्लेमसाठी अमेरिकेतल्या इन्शुरन्सला फोन करायचे, संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. ते काम वाईट नाही, माझ्या दोन मैत्रिणी करतात, पण मी फी भरली ती कोडिंगची! विचारलं तर ऑफिसमधला मुलगा म्हणे, आधी आत शिरा मग बदलून घ्या. माझ्या बॅचमधलं एक पोर असंच शिरलं, वर्ष झालं अजून फोनवरच आहे. मला नोकरी मिळाली ती सर्टिफिकेट झाल्यावर स्वतः अर्ज करून, आणि त्यातही चार महिने गेले, कारण फ्रेशरच्या जागा चेन्नई-हैदराबादला जास्त निघतात, इकडे कमी.

लाइफ सायन्स, फार्मसी, नर्सिंग, फिजिओ झालेल्यांनी बिनधास्त जा, बीकॉमवाल्यांना ॲनाटॉमी जड जाईल पण मॅडम थांबतात. सकाळी ८ ची बॅच घ्या, ती मॅडम स्वतः घेतात, शनिवार-रविवारची दुसरं कोणीतरी घेतं. आणि मॅडम, तुम्ही हे वाचत असाल तर खरंच सांगते, तो बोर्ड काढा, तुमच्या शिकवण्याला त्याची गरज नाहीये.